वड किती मोठा? महाकाय वडाचं मोजमाप घेण्याची रीत

जगातला सर्वांत मोठा सजीव कोणता, याचं उत्तर मोजायचं काय यावर ठरतं. उंची धरली तर कॅलिफोर्नियातला ‘हायपेरियन’ नावाचा रेडवुड, सुमारे ११६ मीटर. खोडाचं घनफळ धरलं तर तिथलाच ‘जनरल शेर्मन’ हा सिक्वॉया, १,४८७ घनमीटर. एकाच मुळावर उगवलेलं रान धरलं तर यूटा राज्यातला ‘पांडो’: ४३ हेक्टर, साधारण ४७ हजार खोडं, आणि सगळं मिळून झाड एकच. ओरेगॉनच्या मल्हूर जंगलात जमिनीखाली ९६५ हेक्टरांवर पसरलेली एक बुरशी आहे. ऑस्ट्रेलियाच्या शार्क बेमध्ये एकच सागरी गवत १८० किलोमीटरपर्यंत वाढलंय, हे २०२२ मध्ये उघड झालं.

पसाऱ्याच्या मोजणीत मात्र मान आपल्या वडाचा. आंध्र प्रदेशात कदिरीजवळचा ‘तिम्मम्मा मर्रिमानु’ १९८९ मध्ये गिनेस बुकात गेला; त्याचा पसारा १९,१०७ चौरस मीटर नोंदलेला आहे. हावड्याच्या वनस्पती उद्यानातला वड त्याच्या बरोबरीचा. महाराष्ट्रात संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरीचा वड प्रसिद्ध आहे, आणि असे अनेक मोठे वड गावोगाव उभे आहेत. कुणी दीड एकर सांगतो, कुणी तीन. त्या आकड्यांमागे टेप क्वचितच लागलेली असते.

ती कशी लावायची, ते खाली दिलंय. तीन माणसं आणि एक दिवस पुरतो.

काय न्यायचं, कधी जायचं

३० मीटरची फायबरची टेप (सुताराची ५ मीटरची पोलादी टेप इथे निरुपयोगी), गवंड्याचा ओळंबा, सुतळीचे दोन गुंडे, दोन मीटरचा सरळ बांबू, चुन्याची फक्की किंवा खडू, लाकडी खुंट्या, ए-३ आकाराचा आलेख कागद, कंपास आणि कोन मोजणारं ॲप असलेला मोबाइल. लेझर अंतरमापक मिळाला तर उंचीचं काम निम्मं होतं, पण त्यावाचून अडत नाही.

पावसाळा टाळा. डिसेंबर ते फेब्रुवारीतली वारा नसलेली सकाळ उत्तम. वाऱ्यात फांदीचं टोक सहज अर्धा-एक मीटर हलतं आणि ओळंबाही स्थिर राहत नाही.

झाडाखाली जाण्याआधी दुर्बिणीतून किंवा मोबाइलच्या झूमने सगळ्या जाड फांद्यांची खालची बाजू नीट पाहा. मोठे वड ही आग्या मोहोळांची आवडती जागा. एकाच झाडावर बरीच पोळी असू शकतात, आणि धूर, दगड किंवा ड्रोनचा आवाज यांनी माशा उठल्या तर मोजणी बाजूला राहते आणि दवाखाना गाठावा लागतो. पोळं असेल तर त्या बाजूची कड लांबून मोजा, नाहीतर पोळं उठून गेल्यावर या. वडाखाली देवस्थान असेल तर गुरवाला किंवा पुजाऱ्याला आधी विचारा. कुठली फांदी कधी पडली आणि पार कधी वाढवला, याची माहितीही बहुधा तिथेच मिळते.

आधी ठरवा: वड एक की अनेक?

याचं उत्तर चुकलं तर पुढचे सगळे आकडे वाया जातात. वडाचं बी पाखरांच्या विष्ठेतून पडतं. ते दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात रुजतं, विहिरीच्या काठावर रुजतं, आणि मोठ्या वडाच्या सावलीतही रुजू शकतं. शेजारी उगवलेले दोन वड काही दशकांत एकमेकांत मिसळतात आणि लांबून एकच दिसतात.

रीत अशी. मुख्य बुंध्यापासून निघणारी प्रत्येक आडवी फांदी टोकापर्यंत डोळ्यांनी मागे-पुढे तपासा. पारंबीचा वरचा शेंडा फांदीच्या खालच्या अंगातून निघालेला दिसला पाहिजे. एखादं खोड फांदीला नुसतं टेकलं असेल, किंवा फांदीला ओलांडून वर जाऊन स्वतःच्या फांद्या फोडत असेल, तर ते बहुधा वेगळं झाड. पारंबीही पुढे खोडासारखी जाड होते, म्हणून जाडीवरून निर्णय घेऊ नका. जोड कुठे आहे ते बघा.

दुसरी खूण पालवीची आणि फळांची. झाडाच्या एका भागात तांबूस पालवी आणि लाल फळं, तर दुसऱ्या भागात जून पानं आणि हिरवी बारीक फळं, आणि दोन्हींमध्ये स्पष्ट सीमा दिसत असेल, तर शंका घ्या. पण ती पुरावा मानू नका. ऊन आणि पाणी कमी-जास्त असलं तरी असा फरक पडतो.

जोड तुटलेले वड ही खरी अडचण. हावड्याच्या वडाला १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांचा तडाखा बसला, बुरशी लागली, आणि १९२५ मध्ये मुख्य बुंधाच काढून टाकावा लागला. आज ते झाड पूर्णपणे पारंब्यांवर उभं आहे. वंशाने एकच, पण मधला दुवा गेलेला. अशा ठिकाणी ‘एक झाड’ असं लिहायला जुन्या नोंदींचा किंवा डीएनए तपासणीचा आधार हवा. मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यात तुले गावचा प्रचंड सरू अनेक झाडांचा मिळून झाला असावा, असं बराच काळ म्हटलं जाई. डीएनए तपासल्यावर तो एकच निघाला. आधार नसेल तर नोंदीत सरळ ‘जोड दिसला नाही’ असं लिहून तो भाग नकाशावर वेगळा दाखवा.

बुंध्याचा घेर

भारतात झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर, म्हणजे साडेचार फुटांवर घेतात. उतारावर ही उंची चढाच्या बाजूने मोजा. पार बांधलेला असेल तर ‘जमीन’ कोणती हा प्रश्न येतो. पाराची फरशी मूळ जमिनीपेक्षा कधीकधी मीटरभर वर असते. अशा वेळी पारापासून आणि बाहेरच्या जमिनीपासून अशा दोन्ही उंचींवरचे घेर घ्या आणि दोन्ही लिहा.

टेप बुंध्याभोवती सरळ पातळीत हवी. एक जण शून्य धरून उभा, दुसरा टेप फिरवतो, तिसरा पलीकडून ती घसरली नाही ना ते पाहतो. १० मीटर घेराच्या बुंध्याला टेप पलीकडे अर्धा मीटर खाली गेली तर घेर साधारण ६ सेंटीमीटर जास्त येतो. टेप तिरकी झाली, सालीच्या ढलपीवर अडकली किंवा सैल राहिली, तरी आकडा नेहमी वाढतोच. म्हणून तीनदा मोजून सर्वांत लहान आकडा घ्यायचा, सरासरी नाही.

वटपौर्णिमेनंतर बुंध्यावर सुताचा जाड थर असतो. तो तोडू नका. टेप दाबून धरा किंवा थराच्या जरा वर-खाली सरका आणि उंची नोंदवा.

खरी गोची बुंध्याला चिकटलेल्या पारंब्यांची असते. यासाठी एक नियम धरून चाला: मोजणीच्या उंचीवर पारंबी आणि बुंधा यांच्यामधून हात आरपार जात असेल तर पारंबी घेराबाहेर, जात नसेल तर ती बुंध्यात धरा. खाचांमध्ये टेप आत दाबायची नाही, वरून ताणून न्यायची. असा घेर ३.१४ ने भागून ‘व्यास’ काढण्यात अर्थ नाही, कारण बुंधा गोल नसतो.

कोकण किनाऱ्यावर आणि मुंबई-वसईकडे गोरखचिंचेचे अवाढव्य बुंधे आहेत. त्यांनाही हीच रीत लागू पडते. फक्त तो बुंधा पाणी साठवतो आणि ऋतूप्रमाणे किंचित फुगतो-आटतो. त्यामुळे पुढच्या वेळी त्याच महिन्यात मोजा.

उंची, आणि त्यात होणारी हमखास चूक

मोबाइलच्या ॲपने शेंड्याचा कोन घ्यायचा, बुंध्यापासूनचं अंतर टेपने मोजायचं, अंतराला कोनाच्या ‘टॅन’ने गुणायचं आणि डोळ्यांची उंची मिळवायची, ही शाळेतली रीत. नारळाला ती बरोबर. वडाला ती फसवते, कारण वडाचा सर्वांत उंच भाग बुंध्याच्या वर असेलच असं नाही, आणि खालून जो ‘शेंडा’ दिसतो ती बहुतेकदा आपल्या बाजूला झुकलेली फांदी असते.

समजा, बुंध्यापासून ३० मीटरवर उभं राहून कोन आला ३८ अंश. टॅन ०.७८१. म्हणजे २३.४ मीटर, अधिक डोळ्यांची उंची १.५, एकूण २४.९ मीटर. पण दिसणारी फांदी बुंध्यापेक्षा ८ मीटर आपल्या बाजूला असेल तर खरं अंतर २२ मीटर आणि खरी उंची १८.७ मीटर. एका फांदीपायी सहा मीटरांची चूक.

उपाय सोपा आहे. जो शेंडा निवडलात त्याच्या बरोबर खाली माणूस उभा करा, ओळंब्याने जागा नक्की करा आणि अंतर त्या जागेपासून मोजा. तीन दिशांनी उंची काढा. आकड्यांमध्ये एक मीटरहून जास्त फरक आला तर वेगवेगळ्या फांद्यांना शेंडा समजलात, असं धरा. लेझर अंतरमापक असेल तर शेंड्यापर्यंतचं तिरकं अंतर घेऊन ते कोनाच्या ‘साइन’ने गुणा आणि डोळ्यांची उंची मिळवा; मग बुंध्यापासूनचं अंतर लागतच नाही.

उंचीवर जास्त वेळ घालवू नका. हावड्याच्या वडाची सर्वांत उंच फांदी २४.५ मीटर आहे, म्हणजे सात-आठ मजली इमारतीएवढी. या मोजात वड कधीच पहिला येणार नाही.

पसारा: इथे अर्धा दिवस द्या

लांबी गुणिले रुंदी करून क्षेत्रफळ सांगणं ही सर्वांत मोठी थाप. पसाऱ्याला खाचा असतात, एखादी फांदी २० मीटर बाहेर गेलेली असते, मध्ये उघडं आभाळ असतं. कड मोजल्याशिवाय गत्यंतर नाही.

आधी कड जमिनीवर उतरवून घ्या. मान वर करून ‘इथपर्यंत’ म्हणणं पुरत नाही. १५ मीटर उंच फांदीखाली नजर ४ अंशांनी तिरकी झाली की जागा एक मीटरने चुकते. एकाने कडेपासून थोडं लांब उभं राहून ओळंबा हातभर पुढे धरावा आणि दोरी फांदीच्या शेवटच्या पानाशी जुळवावी. दुसऱ्याने बांबू धरून त्याच दोरीच्या रेषेत यावं. मग पहिल्याने काटकोनात सरकून तेच पुन्हा करावं. दोन्ही रेषा जिथे छेदतात तिथे चुन्याची खूण. फांदी जमिनीपर्यंत झुकलेली असेल तर हा खटाटोप अर्थात लागत नाही.

अर्ध्या एकराच्या वडाला अशा ४० ते ६० खुणा हव्यात. सरळ कडेला दर ५ मीटरवर एक, आणि प्रत्येक खाचेच्या तळाशी व प्रत्येक फुगवट्याच्या टोकाला एक हवीच. खाचा गाळल्या की क्षेत्रफळ फुगतं.

आता या खुणा कागदावर आणायच्या. पारंब्यांच्या गर्दीत मध्यातून त्रिज्या काढत बसण्यापेक्षा दोन खुंट्यांची रीत बरी. कडेच्या बाहेर, मोकळ्या जागी ‘अ’ आणि ‘ब’ अशा खुंट्या ठोका. त्यांच्यातलं अंतर २० ते ३० मीटर ठेवा आणि ते दोनदा मोजा. मग प्रत्येक खुणेचं अंतर ‘अ’पासून आणि ‘ब’पासून घ्या. कागदावर १ सेंटीमीटरला २ मीटर असं प्रमाण धरून कंपासने दोन कमानी काढल्या की जिथे छेदतात तो बिंदू. होकायंत्र लागत नाही, आणि ते बरंच आहे: देवळाचं लोखंडी रेलिंग जवळ असलं की मोबाइलचं होकायंत्र भलतीच दिशा दाखवतं.

दोन पथ्यं पाळा. खुणेपाशी ‘अ’ आणि ‘ब’ यांच्या रेषांमधला कोन ३० अंशांहून कमी किंवा १५० हून जास्त होऊ देऊ नका. कमानी इतक्या तिरक्या छेदतात की बिंदू मीटरभर इकडेतिकडे होतो. एवढ्या मोठ्या झाडाला दोन खुंट्या कधीच पुरत नाहीत. पलीकडच्या बाजूला ‘क’ आणि ‘ड’ ठोका, आणि आधी ‘अ’ आणि ‘ब’पासूनची त्यांची अंतरं मोजून त्यांची जागा कागदावर पक्की करा. आणि टेप आडवी ठेवा. ३० मीटरवर टेपला मध्ये अर्धा मीटर झोळ आला तरी फक्त दोन सेंटीमीटरचा फरक पडतो, त्याची चिंता नको. मात्र १५ अंशांच्या उतारावर जमिनीला चिकटून मोजलेले २० मीटर प्रत्यक्षात १९.३ असतात.

सगळे बिंदू जोडले की आलेख कागदावरचे चौकोन मोजा. या प्रमाणात १ चौरस सेंटीमीटर म्हणजे ४ चौरस मीटर. अर्ध्याहून जास्त झाकलेला चौकोन धरायचा, कमी झाकलेला सोडायचा. मधली उघडीप ५ मीटरहून रुंद असेल तर ती वेगळी मोजून ‘एकूण’ आणि ‘निव्वळ’ असे दोन आकडे द्या. गावात सांगायला गुंठे करायचे असतील तर १०१.१७ ने भागा. ४०४७ चौरस मीटरचा एकर होतो.

मोबाइलचं जीपीएस चालू करून झाडाभोवती फेरी मारणं हा आळशाचा मार्ग. पानांखाली उपग्रह दिसत नाहीत, म्हणून माणूस नकळत कडेच्या बाहेरून चालतो. २०० मीटर परिघाच्या गोल झाडाभोवती सगळीकडे फक्त २ मीटर बाहेरून चाललात तर ३,१८० चौरस मीटरचे ३,६०० होतात. उपग्रहचित्रावर कड आखणं त्याहून बरं, पण शेजारची चिंच किंवा पिंपळ त्यात मिसळतो आणि सावलीही पान वाटते. चित्र वापरलंत तर त्याची तारीख लिहा आणि निदान दहा खुणा जागेवर तपासा.

आकडा खोटा आहे का, ते अर्ध्या मिनिटात कसं कळतं

कडेची लांबी आणि क्षेत्रफळ दोन्ही मिळाले की एक तपासणी कराच. लांबीचा वर्ग करून १२.५७ ने भागा. जे उत्तर येईल त्याहून क्षेत्रफळ जास्त असूच शकत नाही, कारण तेवढ्या लांबीच्या कडेत सर्वांत जास्त जागा मावते ती वर्तुळात.

हावड्याच्या वडाबद्दल नेहमी एकत्र छापले जाणारे दोन आकडे घ्या: परिघ ४८६ मीटर, क्षेत्र १८,९१८ चौरस मीटर. ४८६ चा वर्ग भागिले १२.५७ म्हणजे सुमारे १८,८००. क्षेत्र त्याहून जास्त! फरक थोडा आहे, पण हे दोन आकडे एकाच वेळच्या, एकाच रीतीच्या मोजणीतले असू शकत नाहीत. याउलट तिम्मम्मा मर्रिमानुचा परिघ सुमारे ८४६ मीटर सांगतात. त्या लांबीत ५६ हजारांहून जास्त चौरस मीटर मावू शकतात, आणि क्षेत्र भरतं त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढं. म्हणजे ती कड खोल खाचांची आणि लांब फाट्यांची आहे; तिथे लांबी गुणिले रुंदी केली असती तर किती थापा निघाल्या असत्या, याचा अंदाज यावरून येतो.

पारंब्या मोजताना

जमिनीला टेकून रुजलेल्या पारंब्या वेगळ्या आणि लोंबत्या वेगळ्या. लोंबत्या मोजूच नका. त्यांना अंत नाही. सुतळीने जमिनीवर तीन-तीन मीटरचे पट्टे पाडा, एका पट्ट्यातून चालत मोजलेल्या प्रत्येक पारंबीला खडूची खूण करा. खिळा, रंग, तार काही नको: खिळ्याच्या भोकातून कूज शिरते. दोघांनी वेगवेगळं मोजावं. फरक शंभरात दोन-तीनपेक्षा जास्त असेल तर तो पट्टा पुन्हा मोजायचा.

मोजता मोजता वाळवीची माती, पोकळ आवाज, कुत्र्याच्या छत्र्या (भूछत्रं) फुटलेली जागा यांचीही नोंद ठेवा. तेलंगणात महबूबनगरच्या ‘पिल्ललमर्री’ या प्रसिद्ध वडाला वाळवीने इतकं पोखरलं की २०१८ मध्ये त्याला सलाइनच्या बाटल्यांमधून औषध द्यावं लागलं.

वजन आणि वय: सोडून द्या

उभ्या वडाचं वजन टेपने निघत नाही. ‘जनरल शेर्मन’चा आकडाही फक्त खोडाच्या घनफळाचा आहे, आणि ते शक्य झालं कारण त्याचं खोड एकच आणि बऱ्यापैकी सरळ आहे. पांडोचे सहा हजार टन हा अंदाज आहे.

वयाचंही तेच. चिकटलेल्या पारंब्यांनी बुंधा झपाट्याने जाड होतो, त्यामुळे घेरावरून वर्षं काढणारं कुठलंही सूत्र वडाला लावू नका. वय हवं असतं त्याला कारण आहे: महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांच्या १९७५ च्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, आणि ५० किंवा जास्त वर्षांच्या झाडाला वारसा वृक्ष म्हणून संरक्षण मिळालं. त्यासाठी जुने फोटो, पारावरचा कोरीव शक, जमिनीचे जुने नकाशे आणि बांधाच्या वादात झाडाचा उल्लेख असलेली कागदपत्रं शोधा. ‘१९५८ च्या फोटोत झाड आहे’ एवढा एक पुरावा ‘पाचशे वर्षांचा’ या ऐकीव गोष्टीपेक्षा जास्त कामाचा.

नोंद

तारीख, मोजणाऱ्यांची संख्या, वापरलेली साधनं, घेराची उंची आणि ती कुठून धरली, घेरात पारंब्या धरल्या का, उंचीचे तिन्ही आकडे, कडेवरच्या खुणांची संख्या, एकूण व निव्वळ क्षेत्र, जोड न दिसलेले भाग. आलेख कागदाचा फोटो सोबत जोडा.

खुंट्या काढून टाकण्याआधी त्यांची जागा न हलणाऱ्या गोष्टींना बांधा: देवळाच्या पायरीचा कोपरा, विहिरीचा कठडा, हद्दीचा दगड. प्रत्येक खुंटीची अशा दोन ठिकाणांपासूनची अंतरं लिहून ठेवा. विजेचा खांब निवडू नका; तो रस्ता रुंदीकरणात सर्वांत आधी हलतो.